बाईंची उभी गाठ

मित्रांनो, मी एक रेशमी किमोनो आहे आणि माझी सत्तरी कधीच उलटली आहे. सध्या माझा मुक्काम लाकडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात असतो. अंगाभोवती पांढरा कागद आणि उशाशी कापराच्या वड्या. कापराचा वास माझ्यात इतका मुरला आहे की कसर माझ्या वाटेला जात नाही, आणि खरे सांगायचे तर माणसेही जात नाहीत. अशा अंधारात पडून राहिले की मन जुन्या गोष्टी उकरत बसते. त्यातली एक गोष्ट मला कोणाला तरी सांगायचीच आहे.

माझा जन्म जपानमधल्या एचिगोच्या बर्फाळ मुलुखातला. तिथे हिवाळ्यात बर्फ खिडक्या बुजवून छपराला भिडतो, माणसे घरात कोंडली जातात आणि बायका मागावर बसतात. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. रेशीम डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. पण शिगेबाईंनी तांदळाच्या पेटीच्या तळाशी थोडे सूत लपवून ठेवले होते, त्यातून त्यांनी आपल्या लेकीच्या, तोमिच्या लग्नासाठी मला विणले. जांभळी जमीन आणि तिच्यावर बाणाच्या पांढऱ्या पिसांच्या ओळी. ही नक्षी लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला देतात. सुटलेला बाण मागे फिरत नाही, तशी मुलगीही रडत माहेरी परत येऊ नये, असा त्यातला आशीर्वाद. शेवटचा टाका घालून शिगेबाई म्हणाल्या, "जा गं माझ्या बाणा, मागे वळून बघू नकोस," आणि लगेच बाहीत तोंड लपवून ढसाढसा रडल्या. हा आशीर्वाद मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

माझ्या अंगात गोल काप एकही नाही. एका लांब कापडाचे सरळ आठ तुकडे, आणि जास्तीचे कापड न कापता शिवणीच्या आत मुडपलेले. त्यामुळे मला धुवायचे म्हणजे आधी सगळा उसवायचा, तुकडे धुऊन फळीवर ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. माझे असे चार वेळा तुकडे झाले. चारही वेळा तोमिने आपल्या हातांनी मला पुन्हा उभे केले. तिचे टाके मी डोळे मिटून ओळखतो.

पुढे तोमिची तोमिबाई झाली. दारावर पाटी लागली, शनिवारी गावच्या मुली नेसायला शिकायला येऊ लागल्या. किमोनो नेसणे म्हणजे शर्टात हात घालणे नव्हे, मित्रांनो. लांबी कमरेशी मोडून घ्यायची, नाडीने आवळायची, मग वरून ओबी, म्हणजे वीतभर रुंद पट्टा, आणि यातले काही ढळता कामा नये. पण सगळ्यात मोठा नियम गळ्याचा. उजवी बाजू आत, डावी बाजू वर. उजवा हात सहज गळ्यात शिरला की नेसणे बरोबर. याच्या उलट फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात.

आणि तेही काम बाईंकडेच होते. गावातल्या नवऱ्या त्यांनी नेसवल्या आणि गावातले मृतदेहही त्यांनीच नेसवले. मृताची नाडी त्या वेगळ्या पद्धतीने बांधत. तीन वेढे, एक पीळ आणि शेवटी टोके वर-खाली राहतील अशी उभी गाठ. ही गाठ सोडायची नसते, माणसाबरोबर जाळायची असते, म्हणून ती बांधतानाच अशी बसते की नखाने उकलत नाही. शिगेबाईंनी ती लेकीला शिकवली होती. लेकीने ती कोणालाही शिकवली नाही. "शिकायला आलेल्या पोरींच्या हातात मरण कशाला देऊ?" असे त्या म्हणत.

नवरा गेला आणि तोमिबाईंनी राखाडी कपडे धरले. मला त्यांनी कागदात गुंडाळून खणात ठेवले. एक नाही, दोन नाही, चोवीस वर्षे. वर्षातून एकदा वारा द्यायला त्या मला बाहेर काढत, माझ्या बाहीवरून हात फिरवत आणि परत ठेवत. मला वाटले, आपली यात्रा इथेच संपली.

मग एका ऑगस्टमध्ये त्या घरात इल्झे आली. सतरा वर्षांची मुलगी, दूरच्या लात्विया देशातली, वर्षभरासाठी गावच्या शाळेत शिकायला आलेली. तोमिबाईंचा मुलगा काझुहिरो आणि सून यासुको यांनी तिला घरी ठेवून घेतले होते. पोरगी ताडमाड उंच. पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीवर तिचे डोके आपटले आणि शेजारच्या ओगाताकाकू हसून म्हणाल्या, "यासुको, आता दार तरी उंच कर, नाहीतर पोरगी तरी कापून घे!"

या ओगाताकाकूंचे तोंड म्हणजे गावचा भोंगा होता. त्या मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे पोचलेली असे.

पहिल्या शनिवारी बाईंनी मला खणातून काढून इल्झेच्या हाती दिले. तिने माझ्यात हात घातले आणि सवयीने आपल्या ब्लाउजसारखी उजवी बाजू वर घेतली. तोमिबाईंनी तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

"मेली आहेस का तू?"

"नाही, बाई," इल्झे घाबरून म्हणाली.

"मग मेल्यासारखी नेसू नकोस. डावी वर! उजवा हात गळ्यात घालून बघ. गेला? मग तू जिवंत आहेस."

त्या दिवसापासून रोज नेसून झाले की इल्झे उजवा हात गळ्यात घालून ओरडे, "बाई, मी जिवंत आहे!" आणि बाई तोंड वळवून हसत. तोमिबाईंना मोठ्याने हसलेले मी कधी पाहिले नाही, पण त्यांचे खांदे हलत ते मला दिसत.

तिच्या हातांना माझ्या बाह्या आखूड पडत होत्या. बाईंनी बाहीची शिवण उसवली, आत मुडपलेले कापड सोडले, आणि माझ्या खांद्याशी दोन बोटे रुंद असा ताजा गर्द जांभळा पट्टा बाहेर आला. बाकी अंग विटलेले, तो पट्टा मात्र लग्नाच्या दिवसाचा. बाई त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा रंग माझ्या लग्नानंतर तूच पहिली घालते आहेस." कमरेला बांधायला इल्झेने आपल्या आईने विणलेली लाल-पांढरी नाडी आणली होती. बाईंनी ती ओढून, ताणून पाहिली आणि पसंतीची मान हलवली. असे ते दोन देश माझ्या कमरेवर एकत्र आले, आणि खरे सांगतो, चोवीस वर्षांनी मला पुन्हा अंगात जीव आल्यासारखे वाटले.

पण त्याच हिवाळ्यात बाईंचे विसरणे सुरू झाले. आधी सुई कुठे ठेवली ते, मग आजचा वार, मग सूनबाईचे नाव. मार्चमध्ये त्यांनी ओला रुमाल पेटत्या रॉकेलच्या शेगडीवर वाळत घातला आणि त्या झोपायला गेल्या. यासुकोला धुराचा वास आला म्हणून घर वाचले.

दुसऱ्या दिवशी जेवताना काझुहिरोने विषय काढला. "आई, आता वर्ग बंद करूया."

"एका रुमालासाठी?"

"रुमाल तिसरा होता, आई," यासुको म्हणाली. ती चिडली नव्हती, थकली होती. "परक्यांच्या पोरी घरात असतात. काही झालं तर त्यांच्या आयांना काय तोंड दाखवू मी?"

"शेगडी विसरले असेन. नेसवणं विसरले का? सांग की, विसरले का?"

काझुहिरो वाटी खाली ठेवून म्हणाला, "मेच्या उत्सवापर्यंत चालू दे. त्या दिवशी सगळं नीट पार पडलं तर पुढचं पुढे बघू. पण नेसवण्यात चूक झाली, तीही गावासमोर, तर दारावरची पाटी मी स्वतः उतरवीन."

"माझ्या हातून? नेसवण्यात?" बाई फणकारल्या. "अरे, तुझी आई झोपेतही नेसवील!"

समोर इल्झे वाटीत तोंड घालून बसली होती. तिने सगळे ऐकले. त्या रात्री तिने वहीत काय लिहिले ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या सुया मोजून डबीत ठेवायचे काम तिने कोणी न सांगता आपल्याकडे घेतले.

मे महिन्याची तीन तारीख म्हणजे आमच्या गावचा किमोनोंचा उत्सव. कोपऱ्याकोपऱ्यात अजून मळका बर्फ साचलेला असतो, पण गाव रस्त्यावर येते. यंदा मिरवणुकीनंतर दुपारी मंचावर इल्झे सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने ओबी बांधून दाखवणार होती. त्यासाठी तिने अख्खा हिवाळा घाम गाळला होता. तिने आईला पत्र लिहून कळवले होते, फोटो पाठवीन म्हणून वचनही दिले होते.

उत्सवाच्या चार दिवस आधी टोफूवाल्या किकुआजी वारल्या. तोमिबाईंची बालमैत्रीण. बाईंनी त्यांना शेवटचे नेसवले, उभी गाठ बांधली आणि घरी येऊन न जेवता झोपल्या. त्यानंतर चार दिवस त्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसायच्या. ते हात अजून किकुआजींपाशीच होते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही.

उत्सवाच्या सकाळी बाईंनी शेजारच्या दोन मुली नेसवल्या. यासुकोने दोघींना चारी बाजूंनी फिरवून पाहिले. सुरकुती नाही, चूक नाही. यासुकोचा चेहरा उजळला. मग इल्झेची पाळी आली. यासुको दाराबाहेर चपला लावत होती आणि काझुहिरो मोटार पुसत होता. खोलीत इल्झे, बाई आणि मी.

बाईंनी मला तिच्या खांद्यावर टाकले. त्यांचे हात थंड होते. त्यांनी माझी डावी बाजू आत घेतली. मी मनात ओरडलो, पण रेशमाच्या ओरडण्याला आवाज नसतो. मग त्यांनी उजवी बाजू वर ओढली, सारखी केली, लाल-पांढरी नाडी घेतली आणि कमरेभोवती एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. ओठातल्या ओठात त्या पुटपुटत होत्या, "झालं गं किकु, झालं. थंडी नाही ना वाजत?"

इल्झेने उजवा हात गळ्याशी नेला. तो आत गेला नाही. तिने आरशात पाहिले, परत हात नेला. परत तो अडला.

"बाई..." ती म्हणाली.

तेवढ्यात कागदी दारापलीकडून यासुकोचा आवाज आला. "झालं का? सगळं नीट ना?"

इल्झेने तोंड मिटले. आत काही म्हटले असते तर बाहेर ऐकू गेले असते. मिरवणुकीच्या जागी पोचल्यावर शाळेच्या न्हाणीघरात जाऊन गुपचूप नीट करू, असा विचार तिने केला असावा. ओबी बांधून झाला. बाईंनी एक पाऊल मागे सरकून तिच्याकडे समाधानाने पाहिले आणि म्हणाल्या, "सुरेख."

पण नशिबाने न्हाणीघरापर्यंत जाऊ दिले नाही. फाटकातच ओगाताकाकू कॅमेरा घेऊन उभ्या होत्या.

"थांब गं इल्झे, एक फोटो..." त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि झटकन खाली घेतला. "अगं बाई! हे काय? पोरीला मढ्यासारखं नेसवलंय!"

रस्त्यावरच्या बायका वळल्या. यासुकोचा चेहरा पांढराफटक पडला. काझुहिरोच्या हातातले फडके तसेच राहिले. दोघांनीही एकदम तोमिबाईंकडे पाहिले. बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांना अजून काहीच उमगले नव्हते.

तेव्हा इल्झे हसली. खोटे, मोठ्याने, दात दाखवून.

"माझी चूक! बाईंनी नीट नेसवलं होतं. मला खाज आली, मी सोडलं आणि परत बांधलं. आमच्याकडे शर्ट असाच असतो ना, उजवी बाजू वर. विसरले!"

सगळा रस्ता हसला. "परदेशी पोर ती, तिला काय कळतंय!" "घाबरवलंस की गं, भूतच वाटलं मला!" ओगाताकाकू तर पोट धरून हसल्या. परक्या मुलीची चूक गंमत म्हणून खपते, मित्रांनो. जी बाई पन्नास वर्षे नेसवत आली तिची तीच चूक खपत नाही. सतरा वर्षांच्या पोरीला हे कळले होते आणि तिने ते ओझे उचलून आपल्या डोक्यावर घेतले.

फक्त एक माणूस हसत नव्हता. तोमिबाई. त्या तरातरा फाटकाशी आल्या.

"आठ महिने! आठ महिने शिकवलं तुला, आणि पालथ्या घड्यावर पाणी? मी नेसवलेलं सोडतेस? आणि आज, किकुला जाऊन चार दिवस नाही झाले तर मेल्याचं सोंग घेऊन फिरतेस?"

"चुकलं, बाई."

"मंचावर नाही जायचं तू. माझं नाव सांगून तर नाहीच नाही. काझुहिरो, त्यांना कळव."

इल्झेने मान खाली घातली. "हो, बाई," एवढेच ती म्हणाली. घरात जाऊन तिने ओबीच्या वरचा गळा तेवढा ओढून सरळ केला. ओबीखालच्या नाडीला तिने हात लावला नाही, ती तिला सुटणारही नव्हती. मग ती दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांची मिरवणूक पाहत राहिली. येणारेजाणारे तिला चिडवत होते, "काय गं, आज जिवंत ना?" आणि ती प्रत्येकाला हसून मान डोलवत होती. तिचे हृदय कसे धडधडत होते ते फक्त मला कळत होते, कारण मी त्याच्यावरच पसरलेलो होतो.

संध्याकाळी बाई तिचा ओबी सोडायला बसल्या. राग अजून उतरला नव्हता, हिसके देत होत्या. ओबी गळून पडला आणि खालची नाडी उघडी झाली. बाईंचे हात थांबले. तीन वेढे, एक पीळ, टोके वर-खाली.

"ही गाठ कोणी बांधली?"

"मी," इल्झे म्हणाली.

"ही गाठ मी तुला शिकवलेली नाही. कोणालाच शिकवलेली नाही." बाईंचा आवाज अगदी खाली गेला. "ही गाठ या गावात फक्त माझ्या हाताला येते."

इल्झे रडू लागली. तिचे खोटे संपले होते. तोमिबाईंनी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि दुसऱ्या कोणाचे असावेत तसे त्यांच्याकडे पाहिले.

"मी तुला, जिवंत पोरीला... आणि वर तुलाच बोलले. तुझा मंच घालवला. का नाही बोललीस गं?"

"पाटी उतरवतील म्हणून."

ती गाठ नखाने उकलणारी नव्हतीच. बाईंनी कात्री आणली आणि गाठीच्या दोन्ही बाजूंनी नाडी कापली. आईने विणलेली नाडी ती, इल्झेच्या तोंडून हुंदका निघाला. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी ओगाताकडे जाते. सगळ्यांना सांगते की चूक माझी. आणि विसरले तर पुरावा असावा म्हणून ही गाठ जपून ठेवते." त्यांनी ती गाठ माझ्या बाहीच्या खोबणीत टाकली, मला घडी घातली आणि खणात ठेवले.

मी रात्रभर सकाळची वाट पाहिली. सकाळ झाली. खणाबाहेरून मला बाईंचा आवाज ऐकू आला, चांगला टवटवीत.

"काय गं इल्झे, काल तू मंचावर का नाही गेलीस? आणि डोळे का सुजलेत? आता निदान यापुढे तरी लक्षात ठेव, डावी बाजू वर!"

सुयांची डबी उघडून मिटल्याचा आवाज आला. मग इल्झे म्हणाली, "हो, बाई. डावी वर."

पाटी राहिली. इल्झेच्या खोट्याने बाईंना अजून एक उन्हाळा आणि एक पानगळ मिळाली, सहा महिन्यांचे शनिवार. जुलैत इल्झे मायदेशी गेली. निघताना बाईंनी मला तिच्या पिशवीत घालायला काढले, पण ती नको म्हणाली. "इथेच असू दे. मी परत येईन तेव्हा नेसेन." माझ्या अंगावरच्या बाणांकडे पाहून मला त्या क्षणी शिगेबाईंचा राग आला.

बर्फ पडायला लागला तेव्हा तोमिबाई रस्ता चुकून नदीवर सापडल्या आणि पाटी शेवटी उतरलीच. नंतरची दहा वर्षे मी खणात आणि त्या त्यांच्या खोलीत. मला वारा देणे कोणाला सुचले नाही. पण पलीकडून आवाज येत. बाई कागद मागत आणि पत्र लिहायला बसत. यासुको ते वाचून दाखवी, तेव्हा मी ऐकले. प्रत्येक पत्र सारखेच. "इल्झे, माझ्या हातून तुझं काहीतरी वाईट झालं आहे. काय ते आठवत नाही. आठवलं की लिहीन. माफ कर."

"आई, चूक तिची होती," यासुको समजूत घाली. "उलटं नेसली होती ती. आठवतं ना? सगळे किती हसले होते."

"नाही गं, चूक माझी आहे. कुठली ते तेवढं सांग."

"तुमची कुठलीच नाही. झोपा आता."

अशी अकरा पत्रे झाली. भ्रमातले बोलणे म्हणून यासुकोने ती पाठवली नाहीत, पण टाकलीही नाहीत, एका डब्यात ठेवली. इल्झेची नववर्षाची कार्डे चार-पाच वर्षे येत राहिली, मग तीही थांबली.

तोमिबाई फेब्रुवारीत गेल्या. अंत्यविधीचा माणूस शिवलेला तयार पांढरा पोशाख घेऊन आला. बांधायला नाड्या नव्हत्याच, चिकटपट्टी होती. दाबली की झाले. मी कुरकुर करणार नाही, पण त्या बाईंच्या अंगावर चिकटपट्टी! बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्या ओगाताकाकू वातावरण हलके करायला म्हणाल्या, "ती परदेशी पोर आठवते? मढ्यासारखी नेसून फाटकात उभी! तोमिबाई किती चिडल्या होत्या!" आणि त्या शोकातही बायका हलकेच हसल्या.

आमच्याकडे मृताच्या अंगावर त्याचा आवडता किमोनो उलटा पांघरतात, खालची कड हनुवटीकडे. त्यासाठी यासुकोने मला काढले आणि झटकले. माझ्या बाहीतून लाल-पांढरी गाठ टपकन जमिनीवर पडली.

हसणे थांबले. नाडी सगळ्यांनी ओळखली, तशी नाडी गावात दुसरी नव्हती. ओगाताकाकूंनी गाठ उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि त्या यासुकोकडे वळल्या.

"यासुको, ही तोमिबाईंची गाठ. माझ्या आईला त्यांनी हीच बांधली होती. ही त्या पोरीला कुठून येणार?"

यासुकोने मला छातीशी धरले. "आई अकरा पत्रं लिहीत होत्या हो," ती म्हणाली. "आणि मी त्यांना सांगत राहिले की चूक तिची."

पुढे जे झाले ते मी विसरणार नाही. यासुकोने ती चिकटपट्टी काढायला लावली आणि पांढरी नाडी आणली. पण उभी गाठ कोणालाच येत नव्हती. जिला येत होती ती समोर निजली होती. तेव्हा यासुको, ओगाताकाकू आणि आणखी दोघी इल्झेची कापलेली गाठ मधोमध ठेवून बसल्या. तिच्यातला एकेक वेढा बघत, चुकत, परत सोडत, त्यांनी तोमिबाईंना त्यांचीच गाठ बांधली. जिवंत पोरीला चुकून बांधलेली ती गाठ नसती, तर बाई चिकटपट्टी लावून गेल्या असत्या. गाठ बसल्यावर ओगाताकाकू त्यांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आठवलं हो बाई. आम्हाला आठवलं."

त्यांच्याबरोबर मला जाळावे असे काझुहिरो म्हणाला. यासुको म्हणाली, "नको. हा त्या पोरीचा आहे." तिने मला, अकरा पत्रांना आणि गाठीला एका खोक्यात घालून इल्झेच्या जुन्या पत्त्यावर पाठवले. तीन महिन्यांनी खोके तसेच परत आले, वर शिक्का होता, या पत्त्यावर कोणी राहत नाही. तेव्हापासून मी या खणात आहे. यासुकोचेही केस आता पांढरे झाले आहेत. ती दर वर्षी मला वारा देते आणि गाठ परत बाहीत ठेवते.

मित्रांनो, जुन्या कपड्याचे कोण ऐकतो! तरी सांगतो. आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून बाहेर काढत जा, झटकत जा, कारण माणसे विसरतात ते कधीकधी आमच्या घडीत राहून गेलेले असते. आणि कोणाच्या चुकीला हसायच्या आधी ओबीखालची गाठ कोणाच्या हातची आहे ते बघा. मी त्या फाटकात हजर होतो आणि काही करू शकलो नाही, याची बोच मला कापरापेक्षा जास्त लागते.

आणि एक काम करा. कधी कुठे इल्झे नावाची उंच बाई भेटली, आता ती चाळिशीची असेल, तर तिला सांगा की बाईंची पत्रे पोचायची राहिली आहेत. सांगा की बाह्या तिच्याच मापाच्या ठेवल्या आहेत. आणि सांगा की आमच्या गावात आता तिला कोणी हसत नाही.